चालत्या हातोडीचा निरोप समारंभ

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी एका धडधाकट, रोज कामावर हजर असलेल्या माणसाला निवृत्त केलं. त्याचा अर्ज नव्हता, वयाचा दाखला नव्हता, सहीसुद्धा नव्हती. मी धाराशिवला एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत बसतो आणि वीस वर्षं पेन्शनची प्रकरणं करतो. एखाद्या शिपायानं फोटोच्या मागं नाव लिहिलं नसेल तरी मी त्याचं प्रकरण परत पाठवतो. इतका मी काटेकोर. पण येरमाळ्याच्या एका नालबंदाला मात्र मी एका पानात, घरी जेवणाच्या टेबलावर बसून सेवामुक्त करून टाकलं. चूक माझी होती. या मजकुराच्या पहिल्या खर्ड्यात 'काहीशी' असा एक शब्द होता, तो मी खोडला आहे.

कारण एवढंच, की मला माहितीपट काढायचा होता.

पन्नाशी जवळ आली की आमच्या कार्यालयातली माणसं शुगर तपासून घेतात, नाहीतर प्लॉट बघायला लागतात. मी पाच दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा केली. प्रमाणपत्र मिळालं, ते मी लॅमिनेट करून घेतलं. मोबाइल हलू नये म्हणून एक दांडा मागवला. तो हातात धरला की मोबाइल हलायचा नाही, मीच हलायचो. कार्यशाळेच्या तिसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी सगळ्यांना विचारलं, "तुमच्या गोष्टीत काय संपत चाललंय?" पडद्यावर चाळीस चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात कुणीतरी धडाधड उत्तर देत होतं. कुणाकडे शेवटचा नावाडी होता, कुणाकडे शेवटचा कळसूत्री बाहुल्यावाला, एका बाईंकडे तर शेवटचे दोन विणकर होते. माझ्याकडे एकही शेवटचा माणूस नव्हता. मला फार दरिद्री वाटलं.

बायकोला म्हणालो, "आपल्या जिल्ह्यात काय संपत आलंय गं?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गॅस. परवा नंबर लावा म्हणाले होते. लावला का?"

मी तिला म्हणालो, की मी गंभीरपणे विचारतोय. ती म्हणाली, तीसुद्धा.

त्याच रविवारी आम्ही येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो आणि परतताना येरमाळ्याला महामार्गाच्या कडेला चहाला थांबलो. टपरीच्या मागून ठक् ठक् आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर झाडाखाली एक बैल आडवा पाडलेला, चारी पाय दोरानं एकत्र बांधून लाकडी कैचीवर टेकवलेले, आणि एक साठीचा माणूस उकिडवा बसून त्याच्या खुराला पत्री, म्हणजे लोखंडी नाल, ठोकतोय. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, बैलाला आठ. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, तोंडात चार खिळे. मी मनात म्हणालो, सापडला.

बायको म्हणाली, "काय सापडला?" म्हणजे मी ते मोठ्यानं म्हणालो असणार.

त्यांना मी पहिल्या दिवसापासून चाचा म्हणत आलो. ते मला साहेब म्हणायचे. खिळे तोंडातून काढून त्यांनी आधी चहा सांगितला, मग मी कोण ते विचारलं. मी वही काढली.

"चाचा, हे काम आता कोण करतं?"

"आमी करतो की. दिसतंय न्हवं?"

"तसं नाही. तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर ह्यो." त्यांनी बैलाचं शिंग धरून बसलेल्या माणसाकडे हात केला. तिशीचा, दंड भरलेले, मोटारसायकलची किल्ली गळ्यात अडकवलेली. त्यांचा मुलगा. "पोरगं माझ्यापरीस सफाईनं मारतंय. आन् कळंबला भाऊ हाय माझा. त्याची दोन पोरं हायेत धंद्यात."

यातलं मी काही लिहून घेतलं नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर फक्त 'पांढरी दाढी. लुंगी. एकटा.' एवढंच आहे.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीही मी लिहिली नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या मुकादमाबरोबर साखर कारखान्याकडे निघतात. डांबरी रस्त्यावर उसानं भरलेली गाडी ओढायची म्हणजे बैलाला पत्र्या हव्यातच. त्यामुळे दसऱ्याआधीचे तीन-चार आठवडे म्हणजे नालबंदाची सुगी. आणि त्यात एक रीत आहे. ज्यानं बैलाला हंगामाची पहिली पत्री मारली, तो बैल सबंध हंगाम त्याचा. पुढं कारखान्यावर पत्री झिजली, पडली, की त्यालाच फोन. दुसरा कुणी त्या खुराला हात लावत नाही. उद्या बैल लंगडला तर दोष कुणाच्या खिळ्याचा, हा वाद नको म्हणून. चाचांचा मुलगा चार महिने मोटारसायकलवर पेटी बांधून कारखान्यांवर फिरायचा ते यामुळंच. "पैली पत्री गेली का वरीस गेलं," चाचा म्हणाले होते. मला हे सगळं फार चालू स्थितीतलं वाटलं. माहितीपटाला तसं काही चालत नसावं अशी माझी समजूत होती.

पुढचे तीन रविवार मी रेकी, म्हणजे चित्रीकरणाआधीची पाहणी, केली. कार्यालयातल्या पाठकोऱ्या कागदांवर दृश्यांची यादी केली. दृश्य एक, पहाट, रिकामा रस्ता. दृश्य दोन, वृद्ध हात. दृश्य तीन, वृद्ध नजर दूर कुठंतरी. नजरेच्या दृश्याला वेळ लागला.

"चाचा, तिकडं दूर बघा."

"दूर काय हाय?"

"काही नाही, नुसतं बघा."

"तिकडं पेट्रोल पंप हाय."

"पंप कॅमेऱ्यात येत नाही. तुम्ही फक्त विचारात पडल्यासारखं करा."

"आन् बैलाचा पाय कोण बघंल? खिळा तिरपा गेला तर विचारात तुमी पडचाल."

बैलाचा मालक हसला. मी त्यालाही हसू नका म्हणालो, कारण आवाज रेकॉर्ड होत होता. मग चाचांच्या कमरेला लावलेला मोबाइल वाजला. मी तो टपरीवाल्याकडे ठेवायला लावला. मोटारसायकल चौकटीत येत होती, ती हलवायला लावली. प्लास्टिकचा निळा ड्रम हलवला. शेवटी चौकटीत उरला मुलगा.

त्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. मी त्याला म्हणालो, "भाऊ, तू जरा टपरीच्या पलीकडं थांबतोस का?"

"सर, शिंग कोण धरणार?"

"मालक धरतील. तू दिसलास की... म्हणजे चाचा एकटे वाटत नाहीत."

"एकटे न्हाईतच ना, सर."

"हो, पण कॅमेऱ्यासाठी."

त्यानं सदऱ्याची बाही नीट केली. मग म्हणाला, "मी आज आंघोळ करून आलतो, सर. रोज काम झाल्यावर करतो." आणि टपरीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मी त्याचे आभार मानले. कार्यशाळेत शिकवलं होतं, की सहकार्य करणाऱ्यांचे आभार मानावेत.

मग आला प्रस्ताव. नवख्या माहितीपटकारांसाठी एक महोत्सव होता, त्यात निवड झाली तर पुण्याला जाऊन जाणकारांपुढं आपला विषय मांडायचा. एक पान मजकूर, एक फोटो. मजकुरात संघर्ष हवा आणि शेवट हवा अशी अट होती. माझ्याकडे चाचा होते, बैल होता, पेट्रोल पंप होता. शेवट नव्हता. मी जेवणाच्या टेबलावर बसून तो तयार केला. 'येरमाळ्याच्या शेवटच्या नालबंदानं यंदा हातोडी कायमची खाली ठेवली आहे. आता त्याच्या अंगणात फक्त शांतता उरली आहे.' हे वाक्य लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले होते. स्वतःच मारलेल्या थापेनं रडू येणारा माणूस किती हळवा असेल, याची कल्पना करावी.

बायकोनं वाचलं. "त्यांनी हातोडी ठेवली?"

"ठेवतील कधीतरी."

"तुम्हीसुद्धा रिटायर व्हाल कधीतरी. म्हणून आजच हार आणू?"

मी म्हणालो, कलेत काळाची अशी मोजदाद करत नाहीत. ती म्हणाली, मग पेन्शनच्या प्रकरणात का करतात. मी पान पाठवून दिलं.

इथवर थांबलो असतो तरी ती थाप पुण्याच्या एखाद्या कपाटात पडून राहिली असती. पण मला कौतुकाची घाई. एका छोट्या स्थानिक दैनिकात लिहिणारा एक ओळखीचा होता. त्याला मी ते पान आणि चाचांचा फोटो, ते पंपाकडे बघताहेत तो, पाठवला. दोन दिवसांनी छापून आलं. मथळा होता 'शेवटच्या नालबंदाची हातोडी विसावली'. खाली माझं नाव, 'संवेदनशील दिग्दर्शक' म्हणून. कार्यालयात पेढे मागितले, मी आनंदानं दिले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. कात्रण मी बारा गटांवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं याचा मी शोध घेतला नाही. आपली कीर्ती कुठवर गेली हे मोजू नये, असं मला तेव्हा वाटत होतं.

ती कीर्ती येरमाळ्यात एका होतकरू पुढाऱ्यापर्यंत गेली. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि त्यांना सत्काराला माणसं कमी पडत होती. एका संध्याकाळी चाचांच्या मुलाचा फोन आला.

"सर, अब्बांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा, समदं."

"अरे वा! अभिनंदन सांग."

"सत्कार कशाचा होता, सर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अब्बांना वाटलं, चाळीस वर्सं काम केलं त्याचा. लई खूश होते. अम्मीला बी घेऊन गेलतो. मग पुढारी भाषणात म्हणाले, चाचांचं उरलेलं आयुष्य सुखासमाधानात जावो. तवा अब्बा माझ्याकडं बघाया लागले."

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झाला असेल. तो म्हणाला, "व्हय सर, तसंच वाटतंय." आणि फोन ठेवला. सत्काराचा फोटोही दुसऱ्या दिवशी फिरला. शाल पांघरलेला, फेटा बांधलेला, हातात नारळ घेतलेला माणूस बघून कुणाला शंका येणार? आमच्याकडे ज्याच्या अंगावर शाल पडली, त्याचं काम संपलं असंच धरतात. मी स्वतः वीस वर्षं तसंच धरत आलोय.

पुढच्या आठवडी बाजाराला चाचांच्या झाडाखाली दोन बैल आले. एरवी त्या दिवसांत ओळ लागायची. गाडीवाल्यांनी कात्रण वाचलं होतं, निदान फोटो पाहिला होता. म्हातारा बसला म्हणाले आणि बैल घेऊन दुसऱ्या बाजाराला गेले. तिथल्या नालबंदानं त्यांना पहिली पत्री मारली. म्हणजे ते बैल आता हंगामभर त्याचे. चाचांनी कितीही ओरडून सांगितलं, मी हाय, मी हाय, तरी ते खूर आता त्यांच्या हाती येणार नव्हतं. हे मला कळंबच्या एका सहकाऱ्यानं डबा खाताना सांगितलं, आणि म्हणाला, "तुझ्या बातमीत ताकद आहे बरं का."

मी बायकोला घेऊन गेलो. एकटं जायची हिंमत नव्हती. चाचा झाडाखाली हत्यारं मांडून बसले होते. समोर बैल नव्हता. शाल घडी करून बुडाखाली घेतली होती.

"या साहेब. बसा, भाभी. चाय?"

मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं. मला माफ करा."

"कशापायी?"

"मी लिहिलं ते... तुम्ही काम सोडलं असं."

"माझ्याकडं माफी मागून काय फायदा, साहेब? मी जिता हाय, काम करतोय, हे मला ठाव हाय. गाडीवाल्यांना न्हाय. त्यांना सांगा."

"सांगतो ना."

"कवा?"

मुलगा मोटारसायकलला टेकून उभा होता. म्हणाला, "सर, अजून बऱ्याच गाडीवाल्यांनी पत्र्या मारल्या न्हाईत. मुकादमाची टोळी निघायला दोन बाजार हायेत. तोवर बोललात तर हंगामातलं कायतरी हाती लागंल. नंतर बोललात तर मग पुढल्या वर्सी या पिक्चर काढाया. तवा खरंच एकटे दिसतील."

मी शब्द दिला. आणि घरी पोचतो तोच महोत्सवाचा मेल आलेला. प्रस्ताव निवडला होता. पुण्याला बोलावलं होतं. विशेष उल्लेख केला होता तो 'हृदयद्रावक शेवटाचा'.

पुढचे काही दिवस मी जे केलं त्याला कार्यालयीन भाषेत 'प्रकरण विचाराधीन ठेवणं' म्हणतात. चारचौघांत उभं राहून मी थाप मारली म्हणायचं, तर ते पुण्यापर्यंत जाणार. न म्हणायचं, तर एक बाजार जाणार. मी मधला मार्ग काढला. दैनिकाला खुलासा दिला. तो बोअरवेलच्या जाहिरातीखाली तीन ओळींत आला, 'सदर वृत्तात नजरचुकीने' अशी सुरुवात करून. मी त्याचं कात्रण चाचांच्या मुलाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "सर, हे गाडीवाल्यांनी वाचावं असं तुम्हाला वाटतंय का, वाचू नये असं?"

बायकोनंही तो खुलासा वाचला, चष्मा लावून, दोनदा.

"नजर कुणाची चुकली?" तिनं विचारलं.

"तशी पद्धत असते लिहायची."

"फाइलला लावायला बरा आहे. त्या माणसाच्या काही कामाचा नाही."

मी म्हणालो, पुणं आटोपलं की मी स्वतः जाऊन सगळ्यांना सांगणार आहे. ती म्हणाली, "तोवर बैल तसेच अनवाणी थांबतील ना तुमच्यासाठी." त्या दरम्यान पहिला बाजार गेला. चाचांकडे चार बैल आले. मुलानं आकडा कळवला, बाकी काही लिहिलं नाही. मी तो मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा त्याला दिसल्या असणार.

हे सांगताना मला माझ्या मनाचा मोठेपणा दाखवता आला असता तर बरं वाटलं असतं. पण मला हलवलं ते मनानं नव्हे. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एका महिला कर्मचाऱ्याचा अर्ज आला. तिच्या सेवापुस्तकात कुणीतरी जन्मसाल चुकीचं चढवलं होतं आणि ती दोन वर्षं आधीच निवृत्त होणार होती. तिनं मला विचारलं, "साहेब, लिहिणाऱ्यानं चूक केली, तर घरी मी का बसायचं?" मी तिला नियम सांगायला तोंड उघडलं आणि नियम आठवला नाही. अर्धा दिवस रजा टाकून घरी आलो. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाही का. मी नाही म्हणालो. ते खरं होतं.

दुसऱ्या बाजाराच्या सकाळी मी पुण्याला मेल केला. लिहिलं, की माणूस शेवटचा नाही, त्याला मुलगा आहे, भाऊ आहे, पुतणे आहेत, त्यानं हातोडी ठेवलेली नाही, शेवट माझ्या मनचा आहे; माझा प्रस्ताव रद्द समजावा. हा मेल लिहायला प्रस्तावापेक्षा जास्त वेळ लागला. मग एसटीनं येरमाळ्याला गेलो. तिथून चाचांचा मुलगा मला मोटारसायकलवर मागं बसवून मुकादमाच्या वावरात घेऊन गेला. चाचा आधीच येऊन बसले होते, हत्यारांच्या पेटीवर. टोळीच्या गाड्या ओळीनं सोडलेल्या, बैल दावणीला, बायामाणसं संसाराची बोचकी बांधत होती. तीस-चाळीस माणसं असतील. मुकादमानं सगळ्यांना हाक मारली, "या रे हिकडं. ह्या साहेबांना बोलायचंय म्हणं."

एक गाडीवाला चाचांना बघून म्हणाला, "आरं, चाचा हायेत की! मला वाटलं गेलं म्हातारं."

"गेलं न्हाय. रिटायर झालं," दुसरा म्हणाला. "फेटा बांधून फोटो नव्हता का आलता?"

"कुणी केलं रिटायर?" मुकादमानं विचारलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मुलानंही. 

मी रात्री पाठ केलेलं सुरू केलं, "उपस्थित बंधूंनो, सदर प्रकरणी वस्तुस्थिती अशी आहे की..."

"साहेब, मराठीत सांगा," मागून एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. हसणं थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मग हातातला कागद खिशात घातला आणि जे म्हणालो ते असं:

"मी केलं. चाचांनी काम सोडलेलं नाही, एक दिवससुद्धा सोडलेलं नव्हतं. पेपरात आलं ते मी लिहिलं आणि ते खोटं होतं. चुकून लिहिलं नाही, माहीत असून लिहिलं, माझा पिक्चर चांगला व्हावा म्हणून. हा त्यांचा मुलगा तिथंच होता, त्याला मी फोटोतून बाहेर काढलं, कारण तो दिसला असता तर माझं खोटं टिकलं नसतं. तुम्ही माझं वाचून बैल दुसरीकडं नेले, यात तुमची चूक नाही. ज्यांच्या बैलांना अजून पत्र्या नाहीत, त्यांनी कुणाकडं जायचं ते त्यांनी ठरवावं, फक्त नालबंद इथं बसलाय एवढं बघून ठरवावं. चाचा, चार माणसांपुढं मी तुम्हाला घरी बसवलं, म्हणून चार माणसांपुढंच माफी मागतो. आणि भाऊ, तुझीही. मला माफ करा."